प्रेमाबाईंचा कित्ता

शिरूरच्या मिशन कंपाउंडातल्या शाळेत प्रेमाबाई हिवाळ्यांनी छत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षर शिकवलं, आणि त्या छत्तीस वर्षांत एकाही पोराला त्याचं स्वतःचं अक्षर काढू दिलं नाही. याचा त्यांना पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. उलट निवृत्तीच्या समारंभात त्यांनी हेच छाती पुढं काढून सांगितलं होतं.

त्यांची पद्धत साधी आणि कडक होती. दर शनिवारी शाळा सुटली की बाई टाक-दौत घेऊन बसायच्या आणि स्वतःच्या हातानं कित्ते काढायच्या. सोमवारपासून पोरांनी ते गिरवायचे. ‘क’चं पोट केवढं, ‘ळ’च्या दोन वाट्या सारख्या कशा, ‘र’ची शेपटी किती लांब, सगळं ठरलेलं. ज्याचा हात कित्त्याबाहेर गेला त्याच्या पेरांवर पट्टी. पोरगं पाटलाचं असो, बुद्धवाड्यातलं असो की कंपाउंडातलंच असो, पट्टी सगळ्यांना सारखीच लागायची. त्या बाबतीत बाईंनी कधी आपपरभाव केला नाही.

त्यामुळे झालं काय, की अर्ध्या तालुक्याचं अक्षर एक झालं. तलाठ्याचा सातबारा, कंपाउंडरची बाटलीवरची चिठ्ठी, वखारीवरची पाटी, सगळीकडं तेच पोट आणि तीच शेपटी. गावात त्याला ‘मिशनचं अक्षर’ म्हणायचे. कोर्टातले वकील म्हणायचे, या बाईंच्या पोरांनी उद्या खोटे कागद करायचं मनावर घेतलं तर ब्रह्मदेवालासुद्धा पत्ता लागायचा नाही. बाई ते ऐकून हसायच्या. एकदा कुणीतरी एका दुकानदाराविरुद्ध निनावी अर्ज केला, तेव्हा मामलेदार कचेरीतून तो कागद बाईंकडे आला. हे कुणाचं अक्षर, एवढंच विचारायचं होतं. बाईंनी चष्मा लावून कागद वाचला, लाल पेन्सिलीनं तीन अक्षरं गोल केली आणि ‘माझ्याच शाळेतलं आहे, पण दुसरीत नीट लक्ष नव्हतं’ असा शेरा मारून परत पाठवला. कुणाचं ते काही त्यांना सांगता आलं नाही.

बाईंचा आणखी एक नियम होता, तो वरच्या रेघेचा. स्वतःसाठी टिपण करायचं तर रेघ नाही ओढली तरी चालेल, वेळ वाचतो. पण अर्ज असेल किंवा वडीलधाऱ्या माणसाला पत्र असेल, तर प्रत्येक शब्दावर रेघ पाहिजे म्हणजे पाहिजे. मोठ्यांसमोर उघड्या डोक्यानं जातात का, असं त्या विचारायच्या. पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, बापये झाली, तरी हा नियम त्यांच्या हातातून गेला नाही. दर नाताळाला ती बाईंना कार्डं पाठवायची, हिंदूही पाठवायचे, बौद्धही पाठवायचे, आणि प्रत्येक कार्डावर प्रत्येक शब्दाला रेघ असायची. बाई ती सालवार सुतळीनं बांधून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचा गोतावळा म्हणजे तो डबा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत शेजारची मेरी त्यांच्याकडे आली. मेरी मिशनच्या दवाखान्यात आया होती, विधवा, आणि तिचा एकुलता एक मुलगा दानिएल दौंडला रेल्वेच्या स्टोअरमध्ये खलाशी, म्हणजे माल उचलण्या-ठेवण्याच्या कामावर होता. त्याच्या नोकरीच्या वेळी शिफारसपत्र बाईंनीच दिलं होतं. मेरीबरोबर जालिंदर नावाचा युनियनचा माणूस आला होता. दानिएलवर खात्याची चौकशी लागली होती, आणि चौकशीत त्याची बाजू मांडायचं काम जालिंदरनं घेतलं होतं.

प्रकरण असं होतं. म्हाळू नावाचा एक गँगमन, रुळांच्या दुरुस्तीवर कामाला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, फक्त सही तेवढी यायची, तीही चित्र काढल्यासारखी. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच्या नावानं ऑफिसात राजीनामा आला. घरगुती अडचणीमुळे नोकरी सोडत आहे, असं साध्या मराठीत लिहिलेलं आणि खाली म्हाळूची खरी सही. राजीनामा मंजूर झाला तेव्हा म्हाळू बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. परत येऊन पाहतो तर नोकरी गेलेली. तो म्हणत होता, मी रजेच्या अर्जावर सही केली होती, अर्ज दानिएलनं लिहिला होता. दानिएल म्हणत होता, त्या महिन्यात मी याला काहीच लिहून दिलेलं नाही.

ऑफिसचा सगळा कारभार इंग्रजीत. दानिएलच्या हातचा मराठी कागद कुठं सापडेना. मग ऑक्टोबरात त्याला साहेबांसमोर बसवून दोन पानं सांगून लिहवून घेतली, आणि राजीनाम्याबरोबर ती पुण्याला सरकारी हस्ताक्षर तज्ज्ञांकडे पाठवली. तज्ज्ञांनी लेखी कळवलं की दोन्ही अक्षरं एकाच हाताची. दानिएल निलंबित झाला.

जालिंदरनं राजीनाम्याची नक्कल बाईंसमोर ठेवली. बाईंनी एक नजर टाकली आणि त्यांना संतापच आला.

“एकाच हाताची कशी? हे अक्षर माझं आहे,” त्या म्हणाल्या. “असं लिहिणारे दोनशे जण दाखवते त्या साहेबांना.”

जालिंदरला नेमकं हेच हवं होतं. त्यानं सुचवलं, डब्यातली कार्डं घेऊन साक्षीला या. दानिएलची नकोत, इतरांचीच आणा. दुसरे शंभर जण असंच लिहितात एवढं दिसलं की झालं. मेरीनं जाताना बाईंच्या पायांना हात लावला. कंपाउंडात अशी रीत नव्हती, म्हणून बाईंना ते फार लागलं. या पोराला सोडवून आणायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं.

फेब्रुवारीत चौकशीची तारीख लागली. बाई न्हावऱ्याच्या एसटीनं निघाल्या आणि चौफुल्याला गाडी बदलून दौंडला पोहोचल्या. वाटेत मांडीवर डबा घेऊन त्यांनी कार्डं निवडली. दानिएलची नऊ निघाली, ती बाजूला काढून पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली ठेवली.

चौकशीची खोली स्टेशनच्या बाजूला, बाहेर पाण्याचा माठ आणि लाकडी बाक. बाकावर एक काळासावळा, रुंद पंजांचा माणूस बसला होता. बाईंना पाहून तो उठला आणि बाक धोतराच्या सोग्यानं पुसला. हाच म्हाळू, हे बाईंना आत गेल्यावर कळलं.

आत टेबलामागं चौकशी अधिकारी, एका बाजूला पुण्याहून आलेले तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला जालिंदर आणि दानिएल. दानिएल वाळला होता. बाईंना पाहून तो उभा राहिला, आणि बाईंनी बस म्हटल्यावरच बसला. तज्ज्ञ बारीक चणीचे, सावकाश बोलणारे. बाईंना वाटलं होतं, माणूस शिष्ट असेल. तसा तो नव्हता. त्यांनी राजीनाम्याचे मोठे केलेले फोटो मांडले, आठ अक्षरांवर बाण काढले होते, आणि ती आठही दानिएलच्या लिखाणाशी कशी जुळतात ते समजावून सांगितलं.

मग बाईंनी डबा उघडला. तज्ज्ञांनी एक कार्ड घेतलं, दुसरं घेतलं, दहावं घेतलं. भिंग काढलं. तलाठ्याचं, मास्तरचं, वखारवाल्याचं, नगरच्या एका नर्सचं. सगळीकडं तेच ‘क’चं पोट, त्याच ‘ळ’च्या वाट्या. अर्धा तास ते एकेक कार्ड चाळत राहिले. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“मी शाळा ओळखली,” ते चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले. “माणूस ओळखला, असं मला आता म्हणता येणार नाही.”

जालिंदरच्या चेहऱ्यावरचा आनंद लपेना. बाईंनाही अभिमान वाटला, आणि आपल्याला अभिमान वाटतोय याची थोडी लाजही वाटली. अशी चूक कबूल करायला माणूस मनाचा मोठा लागतो, असं त्यांच्या मनात आलं.

तज्ज्ञ कागद आवरायला लागले आणि आवरता आवरता म्हणाले, राजीनाम्यात एक वेगळी गोष्ट आहे, पण ती कुणाच्या उपयोगाची नाही. त्यांनी मूळ कागद आणि भिंग बाईंकडे सरकवलं. वरच्या रेघा बघा. पेनाचं टोक जिथं टेकतं तिथं रेघ जाड असते, जिथं उचलतं तिथं निमुळती होते. या कागदावर प्रत्येक रेघ उजवीकडे जाड आहे आणि डावीकडे निमुळती. म्हणजे लिहिणारा शब्द संपला की तिथूनच मागं रेघ ओढत जातो. जन्मानं डावखुरा असेल, पुढं उजव्या हाताला लावलेला. दानिएलनं आमच्यासमोर लिहिलं ते सगळं बिनरेघेचं, त्यामुळे ताडून बघता आलं नाही. आणि बाईंच्या कार्डांवर बघावं, तर एकाचीही रेघ उलटी नाही.

“हे तुम्ही शिकवता का, बाई?” त्यांनी सहज विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

भिंग त्यांच्या हातात तसंच राहिलं. एकावन्न सालचा जून. सहा वर्षांचा दानिएल, पाटीवर डाव्या हातानं लिहिणारा. बाईंनी आधी पट्टीनं सांगून पाहिलं, मग स्वतःच्याच रुमालानं त्याचा डावा हात बाकाला बांधला. दोन महिने रोज बांधला. पोरगं रडायचं नाही, नुसतं रुमालाकडे बघत बसायचं. दिवाळीपर्यंत त्याचं अक्षर कित्त्याबरहुकूम झालं. फक्त रेघ तो उलटी, उजवीकडून डावीकडं ओढायचा. बाईंनी ते पाहिलं होतं. पण ओढून झालेली रेघ सरळच दिसायची, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही तोवर त्या रुमालाचा कंटाळा आला होता. तेवढं त्यांनी सोडून दिलं.

चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, बाईंना आणखी काही सांगायचंय का. बाईंनी पाणी पिऊन येते म्हटलं आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या.

माठापाशी उभं राहून त्यांनी फडक्याखालचं वरचं कार्ड काढलं. गेल्या नाताळाचं. ‘तीर्थस्वरूप बाईंना दानिएलचा सप्रेम सलाम.’ उन्हात तिरकं धरलं. भिंगाची गरजच नव्हती. उजवीकडं शाईचा ठिपका, डावीकडं केसासारखी बारीक. प्रत्येक शब्दावर.

म्हाळू बाकावरून सरकला. त्यांना बसायला जागा केली. झालं का आतलं, असं त्यानं विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनीच विचारलं, सध्या काय करतोस. तो म्हणाला, वरवंडला गुऱ्हाळावर जातो, कारभारीण अंजना बी येते, हंगाम हाय तवर हाय.

“समदी म्हंत्यात, सही तुझी हाय, मंग नोकरी तूच सोडली,” तो म्हणाला. “सही माझीच हाय, बाई. मी न्हाई कसं म्हणू? पर त्याच्या वरचं काय हाय ते मला कवा कळणार हुतं?”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि बाईंना तेच सहन होईना. रडला असता, भांडला असता, तर त्यांना मेरीची बाजू धरणं सोपं गेलं असतं. पिशवी उचलून शिरूरच्या गाडीत बसावं, डबा परत फळीवर ठेवावा, इतकंच तर करायचं होतं. बाई खोटं बोलल्या असंही झालं नसतं. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर त्यांनी दिलं होतं. पण छत्तीस वर्षं पोरांना पट्टी मारताना त्या म्हणत आल्या होत्या, जे दिसतं तेच काढायचं, मनचं काढायचं नाही. आता स्वतःवर वेळ आली होती.

त्या आत गेल्या आणि नऊच्या नऊ कार्डं टेबलावर ठेवली.

“ही पण माझ्या डब्यातलीच आहेत,” त्या म्हणाल्या. “दानिएलची. रेघा बघा.”

जालिंदर ताडकन उठला. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला हातानं खाली बसवलं. तज्ज्ञांनी कार्ड भिंगाखाली घेतलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. बाई उभ्याच होत्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, याचा डावा हात मी बांधून ठेवला होता, ते लिहून घ्या. अधिकाऱ्यांनी जबानीच्या कागदावर पेन टेकवलं आणि परत उचललं, कारण याचा प्रकरणाशी काय संबंध ते त्यांना कळेना. दानिएल टेबलाकडं बघत नव्हता. तो खिडकीतून दिसणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत असावा, असं तोंड करून बसला होता.

त्यानं त्याच दिवशी कबुली दिली. म्हाळूच्या गँगचा मुकादम सोपानराव, त्याला म्हाळूच्या जागी आपला भाचा लावायचा होता. सोपानरावाच्या क्वार्टरमध्ये एक खोली रिकामी होती, ती दानिएलला द्यायची बोली झाली होती. दानिएलला मेरीला शिरूरहून दौंडला आणायचं होतं, तिचे गुडघे धरले होते आणि दवाखान्याच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. कारण ऐकून कुणाचंही मन द्रवेल, पण एका आईसाठी खोली मिळवायला दुसऱ्याची भाकरी काढून घ्यायची, याला चांगलं कसं म्हणावं. मुकादमाला खालच्या जागेवर उतरवलं. म्हाळू मेमध्ये परत कामावर लागला. दानिएलची नोकरी गेली.

बाईंनी ते स्वतः मेरीला सांगितलं. जालिंदरकडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, म्हणून दौंडहून आल्या आल्या, पाय न धुता तिच्या दारात गेल्या. मेरीनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच दार लावलं. त्यानंतर तिनं भिंतीवरून विरजण मागणं बंद केलं. प्रार्थनेला ती बाईंच्या पुढच्या बाकावर बसायची, ती आता दाराशी बसायला लागली. कंपाउंडातल्या निम्म्या लोकांनी बाईंना दोष दिला. निम्म्यांनी तोंडावर चांगलं म्हटलं आणि माघारी तेच म्हटलं. बाईंना स्वतःलाही रोज सकाळी वेगळं वाटायचं, एक दिवस बरोबर केलं असं, तर एक दिवस पोटच्या पोराला पोलिसात दिल्यासारखं.

दानिएल शिरूरला आला आणि मोटारस्टँडसमोर एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला लागला. त्याच्यासमोरून जायला लागू नये म्हणून बाई चार महिने बाजाराला मागच्या आळीनं गेल्या. छत्तीस वर्षं पोरांना भ्यायला लावणारी बाई एका पोराला भ्यायला लागली होती. पाचव्या महिन्यात त्यांना स्वतःचीच चीड आली आणि त्या सरळ दुकानापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

दानिएल ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बघत होता. डाव्या हातानं. बाईंना पाहून त्यानं हात पुसले आणि उठून उभा राहिला. बसायला स्टूल दिलं. आईचे गुडघे कसे आहेत ते बाईंनी विचारलं, त्यानं सांगितलं.

बाईंना एकच गोष्ट विचारायची होती. त्या दिवसापासून ती डोक्यातून गेली नव्हती. ऑक्टोबरात साहेबांनी लिहायला बसवलं, तेव्हा रेघ आपल्याला पकडून देईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन पानांवर त्यानं एक रेघ ओढली नाही. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी आलेलं नाताळाचं कार्ड वरपासून खालपर्यंत रेघांनी भरलेलं.

“साहेबांपुढं चुकवलीस,” त्या म्हणाल्या. “मग मला लिहिताना का नाही चुकवलीस? माझं कार्ड नसतं तर तू सुटला होतास.”

दानिएलनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही हे यांनी विचारावं याचंच त्याला नवल वाटत होतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्हाला बिनरेघेचं कसं लिहू?”

दुकानात गिऱ्हाईक आलं. तो सायकल उलटी करून कामाला लागला, आणि बाई त्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिल्या.